निरोपाची घंटा

मी एक जुनी हातघंटा आहे, मित्रांनो, आणि माझं काम लोकांना घालवून देणं.

वेल्समधल्या एका ओताऱ्यानं मला काशातून ओतलं, लाकडी मूठ बसवली आणि तिथल्याच एका डोंगरावरच्या लाल दगडी किल्ल्यात धाडलं. किल्ल्याखाली चार टप्प्यांची बाग उतरत जाते. तेव्हा बागेत माळीच माळी होते. मी वाजले की ते खुरपी टाकून जेवायला धावत. थोरला माळी म्हणे, "पोरीचा गळा काय खणखणीत आहे!"

पुढं मालकांचे पैसे आटले, माळी पांगले आणि बाग तिकीट लावून सगळ्यांना खुली झाली. तेव्हापासून संध्याकाळी बाग रिकामी करणं माझ्याकडं आलं.

मला वाजवायची एलिनेडबाई. ती अगदी खालच्या टप्प्यापासून सुरुवात करी आणि एकेक टप्पा वर चढत माणसं पुढं हाकत नेई. तिच्या हातात राहून मी माणसं ओळखायला शिकले. काहींना माझा आवाज ऐकल्यावरच फोटोची आठवण होते. काही बायकांची छत्री कोरड्या दिवशीही मिटलेली आणि फुगलेली असते, कारण आत गुलाबाची फांदी असते. एलिनेडला सगळं दिसे.

"बाई, छत्रीला पाणी घाला हं घरी गेल्यावर!" ती म्हणे.

"अहो, आत्ताच तर आलो!" एखादे आजोबा कुरकुरत.

"आत्ता? जेवल्यापासून याच बाकावर घोरताय! चला, किल्ला कुठं पळून जात नाही."

सगळे हसत हसत निघून जात. एलिनेडही मला कोठीत खिळ्याला लटकवून जाई. माझं काम चोख झालं याची खूण एकच : आजूबाजूला कोणी न उरणं.

एका शरदात खालच्या टप्प्यावर ओल्या पानांवरून तिचा पाय सरकला आणि ती भिंतीशी आदळली. उठता येईना. फोन कोटात आणि कोट वरच्या कोठीत. घरी वाट बघणारं कोणी नाही. फाटकाला कुलूप लागलं असतं, तर गारठ्यात ती सकाळपर्यंत तिथंच पडली असती.

तिनं मला जोरजोरानं वाजवलं. मीही जीव तोडून ओरडले.

वरून एक बाई म्हणाली, "अगं, आज फारच घाई दिसतेय एलिनेडला! उचल पाय."

मी जितकी जास्त ओरडत होते, तितकी माणसं लगबगीनं लांब जात होती. मदत यावी म्हणून मारलेली प्रत्येक हाक मदतीलाच हाकलत होती.

"मेली माणसं!" एलिनेड दात-ओठ खात म्हणाली. "एरवी दहादा सांगितलं तरी हलत नाहीत, आणि आज बघा!" मग ती रडू लागली. मला मात्र तिनं खाली ठेवलं नाही.

वर फाटकावर तिकीटवाली मॉरविद शेवटच्या पाहुण्यांना बाहेर काढत होती. किल्ली कुलपात घालता घालता ती थबकली. घंटा वाजत होती, पण वर चढत नव्हती. ती किल्ल्यांसकट खाली धावत आली.

"अशी काय बसलीयस गं?"

"देखावा बघतेय! उठव मला, बाई!"

एलिनेडचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते सांधलं, पण पायऱ्या सुटल्या त्या सुटल्याच. भिंतींवर कर्णे बसले. आता एक गोड आवाज चारही टप्प्यांवर एकदम बोलतो आणि लोक त्याला निमूटपणे ऐकतात. मी कोठीतच असते. माझ्या मुठीला कीड लागली आहे आणि अंगावर हिरवा गंज चढला आहे. गेल्या वसंतात एलिनेड काठी टेकत, तिकीट काढून आली होती. कर्णा बोलताच तीही उठून निघाली. मला दाराच्या फटीतून तिची काठी तेवढी दिसली.

मित्रांनो, एखादी घंटा तुम्हांला "निघा" म्हणाली, तर जरूर निघा. तिचं ते कामच आहे. पण निघताना क्षणभर थांबून कान द्या, आवाज कुठून येतोय ते बघा. घालवून देणाऱ्यालाही कधीतरी कोणीतरी यायला हवं असतं.