कोळसा काढून ठेव

भांडण कशावरून झालं असं विचारलंत, तर दोघा भावांपैकी एकालाही आज धड सांगता यायचं नाही. बाबा गेल्यावर त्यांची जुनी स्कूटर कोणीतरी कोणालातरी न विचारता देऊन टाकली, एवढंच काय ते. त्यावरून थोरल्याने डोक्यात राख घालून घेतली, धाकट्याने तोंड फिरवलं, आणि दोघांनी असा अबोला धरला की समोरासमोर आले तरी एक भिंतीकडे बघायचा, दुसरा चपलेकडे. चांगले बाप्ये, कानांवर केस पांढरे झालेले.

थोरल्याचं चष्म्याचं दुकान. तो वरच्या मजल्यावर राहायचा. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि मागच्या खोलीत राहायचा. मधल्या खोलीत आई राहायची, आणि तिथेच बाबांची माशांची टाकी. बाबांनी हौसेने जमवलेले मासे एकेक करून गेले होते, उरला होता तो एकटा फौजदार. हे नाव बाबांनीच ठेवलेलं. नारिंगी, ढेरपोट्या, बटबटीत डोळ्यांचा. काचेजवळ कोणी आलं की चौकशीला हजर. आई दिवसभर त्याच्याशी बोलायची, कारण तो उत्तर देत नसला तरी निदान रुसायचा नाही. बाबांचं म्हणून जिवंत असं घरात तेवढंच राहिलं होतं, आणि त्याच्या बाबतीत दोन्ही भाऊ हळवे होते. थोरला सकाळी दुकान उघडण्याआधी खाली यायचा, धाकटा भल्या पहाटे कामावर जाऊन संध्याकाळी परतायचा. दोघांच्या पाळ्या आपोआप ठरून गेल्या होत्या, आणि निरोपांची ने-आण आईकडे.

तर एक दिवस फौजदाराच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. मीठ भुरभुरावं तसे. थोरल्याने औषध आणलं, गडद निळं, थेंबाथेंबाने घालायचं. सकाळी ते टाकीत घातलं आणि जाता जाता आईला म्हणाला, "त्याला सांग, कोळसा काढून ठेव म्हणावं."

टाकीच्या फिल्टरमध्ये पाणी स्वच्छ राहावं म्हणून कोळशाची पिशवी असते. फिल्टरचं काम धाकट्याकडे होतं. संध्याकाळी आईने निरोप जसाच्या तसा दिला, "दादा म्हणतोय, कोळसा काढून ठेव."

आता बघा. आई "पांढरा शर्ट काढून ठेव" म्हणाली की धाकटा काय करायचा? कपाटातून काढून खुंटीवर लावायचा. तसंच त्याने केलं. कपाटातून नव्या कोळशाचं पाकीट काढलं, धुतलं आणि टाकीशेजारी ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाकीट तिथेच. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काढून पण मीच ठेवायचा आणि घालायचा पण मीच का?" असं पुटपुटत त्याने जुनी पिशवी फेकली आणि नवा कोळसा फिल्टरमध्ये भरला. मासा आजारी, पाणी स्वच्छ हवं, यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही.

पण टाकीतलं पाणी नितळ, औषधाच्या निळ्या रंगाचा मागमूस नाही, हे बघून तो चक्रावला. "औषध कुठाय?" त्याने आईला विचारलं.

"घातलं की सकाळी. निळंशार झालं होतं पाणी."

"मग आता?"

"प्यायला असेल तो," आई म्हणाली. "आजारी आहे ना."

धाकटा मनातल्या मनात हसला. थोरल्याला सांभाळून घ्यायची आईची सवय जुनीच. रोज संध्याकाळी तो यायचा, रोज पाणी काचेसारखं लखलखीत आणि फौजदाराच्या अंगावर ठिपके कालच्यापेक्षा जास्त. थोरला औषध घालतच नाही, नुसती आईला बतावणी करतो, अशी त्याची खात्रीच पटली. बाबांच्या माशाच्या बाबतीत माणूस इतका नीच होऊ शकतो? तो संतापाने धुमसत राहिला. वर जाऊन विचारायचं मात्र त्याच्याच्याने होईना.

शेवटी तो स्वतःच माशांच्या दुकानात गेला. दुकानदार बाईने बाटली पुढे केली आणि सहज विचारलं, "फिल्टरमधला कोळसा काढलाय ना?"

"काढला की. नवा काढून घातलासुद्धा."

बाईचा हात तसाच राहिला. "घातला? अहो, कोळसा औषध ओढून घेतो. पाण्यात काही उरतच नाही. औषध चालू असताना तो बाहेर काढून ठेवायचा असतो."

बाहेर काढून ठेवायचा. धाकट्याला तिथल्या तिथे मराठी कळेनाशी झाली. थोरला रोज औषध घालत होता. आई खरंच सांगत होती. आणि आपण रोज संध्याकाळी त्या लखलखीत पाण्याकडे बघून भावाला शिव्या घालत होतो. बाटली तिथेच टाकून तो घरी आला, घाईघाईने कोळसा उपसून काढला आणि कचऱ्यात टाकला. एकदा जिन्यापाशी गेलाही. पण वर जाऊन म्हणायचं काय? मी मूर्ख आहे? सकाळी औषध पडलं की पाणी निळं राहील, मासा बरा होईल, विषय संपला, असं म्हणून तो मागे फिरला. घरी काही बोलला नाही, पहाटे कामावर निघून गेला.

तो लिफ्टच्या खोलीत तारा जोडत असताना आईचा फोन आला. "तू ये. तो आडवा झालाय."

मधल्या खोलीत आला तर थोरला बाह्या दुमडून टाकीतलं पाणी बादलीने उपसत होता. पाणी निळं नव्हतं, जवळजवळ काळं होतं. त्यात फौजदार कुशीवर पडून तोंड उघडत होता.

"किती घातलंस?" धाकटा म्हणाला. इतक्या काळानंतरचे त्याचे भावाला पहिले शब्द.

"तिप्पट." थोरला उपसता उपसता म्हणाला. "रोज तेवढंच घालतोय. तू माझ्यावरच्या रागाने पाणी बदलून औषध ओतून देतोस, असंच मला वाटत होतं. म्हटलं, वाढवून घातलं तर काहीतरी उरेल. आजच असं कसं झालं?"

"मी काल कोळसा काढला."

"काल?" थोरला त्याच्याकडे बघतच राहिला. "मी केव्हाच सांगितलं होतं."

धाकट्याने दुसरी बादली उचलली. दोघांनी मिळून पाणी बदललं, एक भरत होता, एक ओतत होता. स्वच्छ पाण्यात फौजदाराने एकदा शेपटी हलवली. मग कल्ले थांबले. थोरल्याने त्याला ओंजळीत उचलून घेतलं. धाकट्याला रडू आवरेना, त्याने ते आवरलंही नाही.

आई पलंगाच्या कडेला बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. माशाकडे तिचं लक्षच नव्हतं.

"म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांना काहीच विचारत नाही," ती हळूच म्हणाली. "मग माझी गोळी?"

"कसली गोळी?" थोरला म्हणाला.

"ब्लडप्रेशरची. डॉक्टरांनी नवी दिली ती. सकाळी चहाबरोबर तू देतोस, रात्री जेवल्यावर हा देतो. मला वाटलं, दोनदा सांगितली असेल."

डॉक्टरांची चिठ्ठी दोघांनीही वाचली होती. दिवसातून एकच.

"तू देतोस?" थोरल्याने विचारलं.

"रोज. मला वाटलं, तू देत नसशील."

"मलाही तेच वाटलं."

"तरीच उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते," आई म्हणाली आणि उठायला गेली. दोघांनी दोन्हीकडून तिला धरली.

"काल रात्री दिलीस?"

"दिली. आणि तू आज?"

"आत्ताच," थोरला म्हणाला.