जीवनच्या वाटणीचा धूर

मी एक जुनी जाळी आहे. जपानी जाळी. म्हणजे मालक गिऱ्हाइकांना तसं सांगतो. जन्म माझा अंबडच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमधला. ज्या सळयांना वेल्डिंग मारून मला केलं, त्याच सळयांमधून गटारावरची एक जाळी झाली. ती माझी सख्खी बहीण. ती सिन्नर फाट्याला उन्हात पडलीय, मी इकडे एसीत. तिच्यावरून ट्रक जातात, माझ्यावरून कोंबड्या. नशीब, दुसरं काय!

आमचं हॉटेल जपानी पद्धतीचं. टेबलाच्या मधोमध खड्डा, खड्ड्यात कोळसा, कोळशावर मी. कच्चे पीस आणायचे, आपणच भाजायचे, आपणच खायचे. पैसे माणशी ठरलेले, मग पोट फुटेपर्यंत खा, कुणी उठवत नाही. मित्रांनो, घरी गॅसच्या आसपास न फिरकणारे बाप्ये इथे चिमटा हातात आला की असे फुगतात, जणू आगीचा शोध ह्यांनीच लावला.

सुरुवातीला माझं काय कौतुक! लोक आधी माझा फोटो काढायचे, मग पोरांचा. एका मावशीने पर्समधून वांगं काढलं आणि माझ्यावर भाजून भरीत केलं. दाण्याचा कूटही घरूनच आणला होता. पनीरवाले हटकून विचारायचे, "ह्याच्यावर नॉनव्हेज भाजलं होतं का?" मॅनेजर अमित मला आत न्यायचा, उलटी करायचा आणि बाहेर आणून म्हणायचा, "एकदम नवीन आहे मॅडम." माझी ती बाजू तर आणखी कोंबडीखाऊ!

पण कौतुक किती टिकणार? रोज तारेचा ब्रश, रोज सोड्याचं पाणी. माझी कातडी गेली, मधून मी खोलगट झाले, कोळंबी घसरून कोळशात पडायला लागली. मग मला दिलं कोपऱ्यातल्या टेबलावर, बाथरूमच्या दाराशेजारी. तिथेच एका रविवारी दुपारी ते तिघं आले.

फकिरा, राकेश आणि जीवन. नाशिक रोडच्या एकाच कॉलनीतले. केस पांढरे झाले तरी एकमेकांना शिवी दिल्याशिवाय हाक न मारणारे. जीवनच्या गालात गाठ निघाली होती. बुधवारी ऑपरेशन, जबड्याचा तुकडा काढणार होते. त्याआधी गड्याला एकदा पोटभर खाऊ घालायचं म्हणून दोघांनी त्याला इथे आणलं होतं. कारण जीवन म्हणजे पंगतीतला राक्षस, असं सगळी कॉलनी म्हणायची.

"ओ साहेब," फकिरा बसता बसताच अमितला म्हणाला, "मटण हाय ना भरपूर? हा माणूस लग्नात शिरला की आचारी परत भात चढवतो."

"काका, अनलिमिटेड आहे."

"सुरुवातीला सगळेच असं म्हणतात," राकेश म्हणाला.

जीवन हसला. हसताना त्याने तोंडावर हात ठेवला. मग पटकन चिमटा उचलला. "तुम्ही खा रे. मी भाजतो. तुम्हाला काय जमणार, चहा करपवणारी माणसं तुम्ही!"

आणि काय भाजलं त्याने! कडेला चिकन, मधल्या खळग्यात मटण, चरबीचा भाग बरोबर कोळशाच्या लालीवर. एक पीस फकिराच्या ताटात, एक राकेशच्या. "घे रे. लाजतो काय, सासुरवाडीला आलायस का?" ते दोघं खात होते, तोंडं भरलेली, घाम आलेला. आपल्याकडे एक रीत आहे बघा, वाढणाऱ्याला कुणी विचारत नाही की तू जेवलास का. वाढणारा मागून जेवतो. त्याच्या ताटाकडे कुणी बघतच नाही.

मी बघत होते. माझ्यावरून उठलेला एकही पीस जीवनच्या तोंडात गेला नव्हता. ताट कोरं. चटणीसुद्धा हललेली नाही. पण लोखंडाच्या जाळीने ओरडायचं कसं?

शेवटी फकिराचा हात पोटावर गेला आणि नजर त्या ताटावर. "ए भडव्या, तुझं ताट तर धुतल्यासारखं हाय!"

"खाल्लं की."

"कुठं खाल्लं? थांब." फकिराने माझ्यावरचा सगळ्यात मऊ पीस उचलला, फुंकर मारली आणि जीवनच्या तोंडासमोर धरला. "आ कर."

"दाढ दुखते रे."

"आ कर म्हणतो ना. नवरी हायस का घास भरवताना लाजायला?"

बाथरूमला जाणारे-येणारे बघायला लागले. राकेश टाळ्या वाजवायला लागला, "आ, आ, आ!" आणि जीवनने आ केला. जेवढा होत होता तेवढा. मातीच्या गल्ल्याला वर असते ना, तेवढी फट. पीस दातांवर आपटला आणि माझ्यावर पडला.

राकेशच्या टाळ्या तिथेच थांबल्या.

"कधीपासून?" फकिराने विचारलं.

"झाले बरेच महिने. भाताची पेज करून देते तुमची आशावहिनी. मिरचीचं सोड, साधं वरण झोंबतं."

"आम्हाला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर इथं आणलं असतं का मला? सफरचंदं घेऊन घरी आला असता, आवाज बारीक करून. फकिरा, तू आणि सफरचंद! मी ऑपरेशनच्या आधीच गेलो असतो."

कुणी हसलं नाही. जीवन एकटाच हसला, हात तोंडावर ठेवून.

अमित सगळं ऐकत उभा होता. तो आत गेला, मटण मिक्सरमधून काढून पातळ सूप करून आणलं. फक्त मीठ, बाकी काही नाही. जीवनने चमचा आडवा धरून फटीतून आत नेला. डोळे गच्च मिटले. मान खाली घालून गिळलं. मग चमचा बशीत ठेवला आणि बशी लांब सरकवली.

"नाही होत रे. आग होते."

मी म्हटलं संपलं, आता उठतील. पण जीवन पुढे वाकला. अगदी माझ्यावर. नाक जवळ आणून त्याने मोठा श्वास घेतला.

"वासाला तोंड उघडावं लागत नाही," तो म्हणाला.

पण धूर त्याच्यापर्यंत येईना. टेबलावर धूर ओढायचा मोठा पाइप आहे, तो सगळं वर खेचून नेत होता. फकिराने वर बघितलं आणि खवळलाच.

"अमितशेठ, हा पाइप बंद करा."

"काका, हॉलभर धूर होईल."

"होऊ द्या! आमच्या माणसाच्या वाटणीचं सगळं वर चाललंय!"

अमितने बटण बंद केलं. मग त्या दोघांनी होतं नव्हतं ते सगळं माझ्यावर ओतलं. मटण, चिकन, कोळंबी, चरबी. धूर असा उठला की शेजारची पनीरची पार्टी ताटं घेऊन पळाली. एक आजोबा खोकत खोकत मालकाच्या नावाने शंख करत होते. आणि जीवन डोळे मिटून मधोमध बसलेला.

"ही मांडी. ही कोळंबी. राकेश, येड्या, चिकन करपतंय, पलट!"

राकेश पलटत राहिला. कुणीच खाल्लं नाही. सगळ्याचा कोळसा झाला, मग वासही करपट झाला आणि जीवनने मान मागे घेतली. "झालं," म्हणाला. भरल्या पोटाने म्हणतात तसं नाही. नुसतं झालं.

बिल यायचं होतं. राकेशचा हात सवयीने खिशात गेला आणि जेवणानंतरची गुटख्याची पुडी बाहेर आली. फाडायला दाताकडे गेली आणि थांबली. जीवन तिच्याकडे बघत होता.

मित्रांनो, समोर कोळसे लालभडक होते. टाकायची म्हटली तर हातभर अंतर नव्हतं. मला वाटलं, आता टाकेल. राकेशने पुडी परत खिशात ठेवली. आणि फकिराने मान खाली घातली, कारण एक त्याच्याही खिशात होती.

पुढे माझी एक सळई तुटली. आता मी मागच्या दाराशी भंगारात उभी आहे. तिथून ऐकलं, अमितने फकिराला फोन लावला होता. फकिराचा आवाज स्पीकरवर आला. "हाय अजून. नाकात नळी हाय. गाठ परत आली म्हणतात. बोलत नाय. शिवी दिली तरी बोलत नाय."

माझं काय, मी वितळेन, कुणाच्या तरी खिडकीचा गज होईन. लोखंडाला दुसरा जन्म मिळतो. माझ्यासाठी रडू नका, मला घासून ठेवा असंही मी म्हणणार नाही, फार घासलंय मला. तुम्ही एवढंच करा. आज घरी जेवायला बसलात की वाढणाऱ्याच्या ताटाकडे बघा. बाबा असो, काका असो, शेजारचा मामा असो. जो पोळी चहात बुडवून खातो, तिखट नको म्हणतो, हसताना तोंडावर हात ठेवतो, त्याच्यासमोर जाऊन उभे राहा आणि म्हणा, आ कर.

तो म्हणेल दाढ दुखते. ऐकू नका.