ओठांतले स्क्रू

सोमवारपासून सूनबाई पुन्हा कामावर रुजू होणार होती, आणि दीड वर्षाच्या जुळ्या नातींना दिवसभर कोण सांभाळणार, हा प्रश्न घरात अजून अधांतरीच होता. पाळणाघराचा अर्ज भरून फ्रिजवर तळहाताएवढ्या चुंबकाखाली लावलेला होता.

"बाबा, तुमच्यावर भरवसा नाही असं नाही," ती सासऱ्यांना म्हणाली होती, "पण या दोघी, आणि तुमचे गुडघे हे असे."

ती मुलांच्या वॉर्डात परिचारिका होती. चिमुकल्यांच्या घशातून काय काय काढावं लागतं, हे तिला पाठ होतं. आजोबांनी उभा जन्म वायरमनकीत काढला होता. त्यांनी वाद घातला नाही. "शनिवारपर्यंत घर नीट करून देतो," ते म्हणाले, "मग ठरव."

त्यांनी मेन स्विच बंद करून खालची तिन्ही सॉकेटं काढली आणि आत झडप असलेली नवी बसवली. गुडघ्यांमुळे रांगता येईना, म्हणून ते हॉलमध्ये चक्क पालथे पडले.

"पडलात की काय, बाबा?" सून धावत आली.

"पडलो नाही गं. पोरींच्या डोळ्यांनी बघतोय. खालून बघितलं ना, तर घरातली प्रत्येक वस्तू 'ये, ये' म्हणते."

शनिवारी दुपारी कपाटांचे खटके तेवढे उरले. सून गणवेश आणायला शिंप्याकडे गेली होती. धाकटी झोपली होती आणि थोरली, म्हणजे अकरा मिनिटांनी थोरली, आजोबांच्या मागे लाकडी चमचा घेऊन बसली होती. सिंकखालच्या कपाटात फरशी पुसायचं औषध असायचं. तिथला खटका महत्त्वाचा. एका हातात खटका, दुसऱ्यात स्क्रू ड्रायव्हर, आणि दोन स्क्रू ओठांत. चाळीस वर्षं शिडीवर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला ओठ हाच तिसरा हात असतो.

ते सहज मागे वळले. थोरलीने चमच्याचा दांडा शेजारच्या कपाटाच्या दाराला लावला होता आणि ती मनगट फिरवत होती. तिच्या ओठांत अर्ध्या इंचाचा एक स्क्रू चमकत होता, डोकं बाहेर, टोक आत, अगदी आजोबांसारखा. स्क्रूंची उघडी पुडी त्यांच्याच गुडघ्याशी पडली होती.

हाक घशापर्यंत आली, पण त्यांच्याच ओठांतल्या स्क्रूंनी ती अडवली. त्या एका क्षणात त्यांना कळलं, की आपण ओरडलो तर ती दचकेल आणि दचकली तर श्वास आत ओढेल. मग त्यांनी खटका खाली ठेवून संथपणे तळहात तोंडाशी नेला, एक स्क्रू त्यावर सोडला, मग दुसरा, आणि तो तळहात नातीपुढे धरला. तिने क्षणभर विचार केला. मग पुढे वाकून, लाळेच्या तारेसकट, आपलाही स्क्रू त्यात टाकला.

त्यांनी पुडीतले, लावलेले, हातातले असे सगळे स्क्रू दोनदा मोजले. पुडीवर छापल्याप्रमाणे बरोबर चोवीस भरले. तिला छातीशी धरून ते भिंतीला टेकून बसले, आणि नेमके कोणाचे आभार मानावेत हे न सुचल्यामुळे तिच्याच टाळूवर ओठ टेकले.

कोणी पाहिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मन सांगत होतं. मुठीत ते तीन ओले स्क्रू होतेच. पण सून दारात आली, तेव्हा त्यांनी मूठ उघडली आणि घडलं तसं सगळं सांगितलं. "पाळणाघरात घाल त्यांना," शेवटी म्हणाले. "जित्याची खोड आहे ही माझी."

तिने आधी लेकीचं तोंड बोट फिरवून तपासलं. मग तीही फरशीवरच बसली.

"ओरडला नाहीत?"

"ओरडणार होतो. तोंडात स्क्रू होते."

तिला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. "वॉर्डात जो येतो तो हेच सांगतो, बाबा, की कसं झालं माहीत नाही. तुम्ही मला पोर कशी वाचली तेही सांगताय, आणि चूक कोणाची तेही. बरं झालं तुम्ही आहात."

ती उठली. फ्रिजवरचं चुंबक काढून तिने सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं. मग त्यांच्या हातातले स्क्रू एकेक करून खिशावर बाहेरून चिकटवले. "हा तुमचा तिसरा हात. आणि यापुढे हत्यारं काढायची ती दोघी झोपल्यावर किंवा माझ्या मांडीवर असतानाच. कबूल?"

"कबूल."

पाळणाघराचा अर्ज घसरून फ्रिजखाली गेला होता. तो काढायला कोणी वाकलं नाही.

धाकटीही उठून आली. दोघींना मांडीवर घेऊन सून बसली, आणि आजोबांनी सिंकखालचा खटका बसवला. रिकाम्या ओठांचं काय करावं हे न कळून ते शीळ घालू लागले. थोरलीने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, ओठांचा चंबू केला, आणि नुसतीच हवा फुंकली.