चार चित्रांचा हात

मी बोलतोय. दिसणार नाही, उगाच शोधू नका. काँप्युटरचं झाकण उघडलंत तरी आत धूळ सापडेल, मी नाही. मी ड्रायव्हर. गाडीचा नव्हे, कॅमेऱ्याचा. यंत्राच्या पार गाभ्यात बसतो. कॅमेरा पाठवतो ती चित्रं घ्यायची आणि पडद्यावरच्या खिडकीला द्यायची, एवढाच माझा धंदा.

मी शिकलेला नाही. आठपर्यंत मोजता येतं, तेही शून्यापासून. ज्यांनी मला लिहिलं त्यांनी आठ खण दिले आणि म्हणाले, कॅमेरा जोडला की रिकामा खण बघ, नंबर दे, खणात त्याची टिपणं ठेव. वायर निघाली की खण पुसून मोकळा कर. पण एक अट घातली. कुणी त्या खणातलं बघत असेल तर पुसायचं नाही. किती जण बघताहेत ते मोजत राहायचं. शेवटच्याने हात सोडला की मगच पुसायचं. कॅमेरा गेला तरी खण राहतो, बघणारा आहे तोवर. ही अट मी आयुष्यात एकदाही मोडली नाही. त्याचीच ही सगळी कटकट.

मी ज्या काँप्युटरात आहे तो एका घड्याळजीच्या दुकानात आहे. पुढे दुकान, मधे एक दार, मागे राहायची खोली. म्हाताऱ्याची नजर अधू झाली तेव्हा लेकीने त्याच्या टेबलावर कॅमेरा बसवून दिला. घड्याळाची चाकं पडद्यावर बशीएवढी दिसायची. त्याला मी शून्य नंबर दिला. पुढे म्हातारी अंथरुणाला खिळली, तेव्हा लेकीने तिच्या उशाशी दुसरा कॅमेरा बसवला. त्याला एक नंबर. पडद्याच्या डाव्या बाजूला घड्याळाची चाकं, उजव्या बाजूला म्हातारी. म्हातारा एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे ठेवून काम करायचा. लेक गेली आपल्या नोकरीच्या गावी.

बोलणं ऐकणं हे माझं खातं नाही. ते शेजारच्या आवाजाच्या ड्रायव्हरचं. पण आमच्यातली भिंत पातळ. सगळं ऐकू येतं.

म्हातारीला तो कॅमेरा मुळीच आवडायचा नाही. दुपारी दोन वाजून गेले की ती हात लांब करायची आणि वायर उपटायची. मी लगेच खिडकीला सांगायचो, कॅमेरा गेला. खिडकी हात सोडायची आणि काळी व्हायची. म्हातारा चिमटा टाकून आत धावायचा.

"का काढलीस?"

"माझी मर्जी. अहो, झोपलेल्या बाईकडे काय टक लावून बसता? घटकाभर डोळा लागू द्या."

"काही झालं म्हणजे?"

"झालं तर झालं. जा, त्या तुमच्या चाकांकडे बघा. ती तरी फिरतात."

तो पुटपुटत वायर परत खोचायचा. ती परत काढायची. मग तो हरायचा आणि तासाभराने खोचायला यायचा. रोज. मी रोज खण पुसायचो, रोज तोच नंबर परत द्यायचो. मला वैताग यायचा, पण आता कळतं, ते दोघांचं बोलणंच होतं ते. बाकी दिवसभर औषध घेतलंस का आणि पाणी हवंय का, याच्यापलीकडे काय बोलत होते?

रोजच्या ओढाताणीने वायरीचं तोंड सैल झालं. हात न लावताच ती निसटायची, परत चिकटायची. खिडकी मिनिटाला काळी व्हायची. म्हातारा प्रत्येक वेळी उडी मारून उठायचा. एकदा असाच उठला आणि चिमट्यातली केसाएवढी स्प्रिंग उडाली ती उडालीच. गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली, मिळाली नाही. त्याने लेकीला फोन लावला.

"अगं, सारखं काळं होतंय. माझा जीव जातो दर वेळी."

"बाबा, वायर सैल झालीये. नवी पाठवते."

"नवी येईपर्यंत मी काय करू?"

लेक हुशार. असल्या कामातच तिची नोकरी. तिकडे बसल्या बसल्या तिने माझ्यात चार ओळी घातल्या. कॅमेरा दिसेनासा झाला तर लगेच काळं करू नकोस. तुझ्याकडे शेवटची चार चित्रं असतात, तीच फिरवत राहा. वायर चिकटली की नवी दे.

ठीक आहे. पण वायर चिकटलीच नाही तर? किती वेळ फिरवायची? ते तिने लिहिलं नाही. नवी वायर येणारच, असं धरून चालली. मला विचारायची सोय नाही. आम्हाला तोंड नसतं, नुसता कामाचा हात असतो.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वायर निघाली.

मी सांगितल्याप्रमाणे केलं. चार चित्रं फिरवली. पहिल्यात म्हातारीचा हात पांघरुणावर. दुसऱ्यात उचललेला. तिसऱ्यात पुढे आलेला. चौथ्यात इतका जवळ की नुसता पंजा. आणि परत पहिलं. हात खाली, वर, पुढे, जवळ. खाली, वर, पुढे, जवळ. शून्य नंबरातून मला म्हाताऱ्याची बोटं दिसत होती. एका घड्याळाच्या चाकाचा बारीक दात बसवत होता. त्याने पडद्याकडे पाहिलं.

"आलो गं. एवढं बसवतो नि आलो."

हात हलतच होता.

"आलो म्हटलं ना. हातातलं सोडून कसा येऊ?"

त्या वेळी गिऱ्हाईक येणार नव्हतं, कुणाची घाईही नव्हती. तरी काम हातात असलं की माणूस असाच बोलतो. पस्तीस मिनिटांनी तो उठला. नंतर आतून जो आवाज आला तो शेजारच्या ड्रायव्हरने माझ्यापर्यंत पोचवला नसता तर बरं झालं असतं.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "झोपेतच गेल्या. कुशीवर आहेत, हात उशीखाली. काही कळलंसुद्धा नसेल त्यांना."  उशाचा कॅमेरा म्हाताऱ्याने उचलला, वायर गुंडाळली आणि कपाटावर टाकली. पडद्यावरची खिडकी बंद करायची मात्र राहिली. खिडकी उघडी म्हणजे बघणारा आहे. बघणारा आहे म्हणजे खण पुसायचा नाही. आणि पुसायचा नाही तर फिरवत राहायचं.

काही दिवसांनी म्हातारा कामावर बसला. काँप्युटरचा पडदा चालू केला. हात हलत होता.

तो किती वेळ बघत राहिला ते मी सांगत नाही. मग घड्याळ पुसायचं पिवळं फडकं घेऊन त्याने पडद्याच्या उजव्या बाजूवर टाकलं. काँप्युटरच्या बटणावर चिठ्ठी चिकटवली, "हात लावू नये". बंद काही केला नाही. काम करता करता मधेच फडक्याचा कोपरा वर करायचा आणि हळूच म्हणायचा, "आलो गं." परत फडकं खाली. एकदा एका गिऱ्हाइकाने, शाळेतल्या बाई होत्या त्या, वाकून बघितलं.

"इश्श, कुणी बोलावतंय वाटतं तुम्हाला आतून?"

"हो," तो म्हणाला. "बोलावतेय."

बाई आत डोकावल्या. खाट रिकामी, गादी गुंडाळलेली. दुरुस्त झालेलं घड्याळ न घेताच गेल्या. नंतर भावाला पाठवून नेलं.

लोक भुताला घाबरतात. भुताची बाजू कुणी विचारत नाही. मला चार चित्रं फिरवायची हौस नव्हती. ती बाई त्या खिडकीत नाही हे घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं. वायर निघाली ती वेळ माझ्या नोंदीत लिहिलेली होती. पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची आमच्यात रीत नाही. तीन महिने मी एका मेलेल्या बाईचा हात हलवत बसलो.

आईच्या दिवसांना येऊन गेलेली लेक मग परत आली. सकाळी चहाचा कप घेऊन दुकानात शिरली आणि सहज फडकं उचललं.

कप टेबलावर आपटला. "बाबा! हे काय आहे?"

"राहू दे ते."

"अहो, कॅमेरा कुठाय?"

"कपाटावर."

"वायर कपाटावर आहे, मग हे येतंय कुठून?"

"मला काय विचारतेस? मी घड्याळवाला."  मग त्याने भिंग डोळ्यावरून काढलं. "त्या दिवशी अशीच बोलावत होती. अर्धा तास. जास्तच. मी म्हटलं, थांब, दात बसवतो. डॉक्टर म्हणतो झोपेत गेली. त्याला काय माहीत? मी डोळ्यांनी बघत होतो ना. शेवटी बिचारीने वायर उपटली, तरी मी बसूनच."

हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नाहीतर मी ऐकलं असतं.

लेक खाली बसली. माझी नोंद उघडली. प्रत्येक चित्रावर मी क्रमाचा आकडा टाकतो, तेवढी अक्कल मला आहे. तिने आकडे वाचले. वायर निघाल्याची वेळ वाचली. मग आपण घातलेल्या चार ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या.  ती गप्प राहिली असती तर बापाला आयुष्यभर कळलं नसतं कुणाचं चुकलं ते. मला तर वाटलं, राहील गप्प. माणसं राहतात.

"बाबा, ती आई नव्हती."

"काय?"

"हात हलवत होते ते मी. वायर दोन-दहालाच निघाली. आईने काढली, रोजच्यासारखी. पुढे जे दिसलं ते जुनीच चार चित्रं. मीच सांगून ठेवलं होतं यंत्राला, तुम्ही घाबरू नये म्हणून. आणि थांबायचं कधी ते सांगायला विसरले."

म्हातारा बराच वेळ चिमट्याची टोकं एकमेकांवर टेकवत राहिला.

"म्हणजे हाक नाही मारली तिने?"

"नाही."

"वायर काढायला हात पुढे केला."

"हो. आणि कुशीवर वळून झोपली असणार."

"हं." मग तो म्हणाला, "तुझ्या त्या ओळी नसत्या तर काळं झालं असतं. मी आत गेलो असतो."

लेकीने मान खाली घातली. "हो बाबा. गेला असता."

भिंतीवर सतरा घड्याळं आहेत दुकानात. सगळी ऐकू येत होती.

"गेलो असतो तर झोपमोड केली असती," म्हातारा म्हणाला. "आणि शिव्या खाल्ल्या असत्या. शेवटच्या शिव्या माझ्या चुकल्या, एवढंच." त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिचं रडणं निघालं ते थांबेना. "उगी. सरळ दाखवता येतील का गं? फिरवू नकोस. एकदाच, पहिल्यापासून."

तिने माझं फिरवणं थांबवलं. मी एक, दोन, तीन, चार अशी दिली. चौथ्यावर थांबलो. तीन महिन्यांत ते चित्र कुणी नीट पाहिलंच नव्हतं. हाताचा पंजा सबंध खिडकीभर. आणि पंजाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या फटीतून, म्हातारीचं तोंड. वैतागलेलं. नेहमीसारखं.

म्हातारा हसला. "बघ, बघ कशी बघतेय. हिला काय मरायची घाई होती? हिला झोपायचं होतं."

"ठेवू का बाबा हे? वेगळं काढून?"

"नको. तिला आवडायचं नाही."

त्याने स्वतःच्या हाताने खिडकी बंद केली. माझ्याकडचा आकडा एकाचा शून्य झाला. मी अट पाळली. चारी चित्रं पुसली, टिपणं पुसली, खण मोकळा केला. मला वाटलं होतं, सुटलो म्हणेन. तसं काही झालं नाही. अजूनही कधी कधी एक नंबरचा खण चाचपून बघतो. रिकामाच असतो.

लेकीने जायच्या आधी त्या चार ओळी खोडल्या. तुम्ही जे कुणी आमच्यासारख्यांना लिहीत असाल, तुम्हाला माझं हे एवढंच सांगणं: वायर निघाली की काळं दाखवू द्या. घाबरू दे माणूस. उठून आत तरी जाईल.

आता दुपारी दोन वाजून दहा मिनिटं झाली की तो चिमटा खाली ठेवतो, आत जातो आणि घटकाभर पडतो. शून्य नंबरात तेव्हा नुसतं उघडं घड्याळ आणि रिकामं स्टूल दिसतं. मी जे आहे तेच दाखवतो.