तुरीच्या कोठीतला मुखवटा

मित्रांनो, नऊ वर्षं तुरीच्या कोठीत तोंड लपवून बसलेला मी एक जुना मुखवटा आहे. सोंगाड्याचा रंगीत मुखवटा डोळ्यांपुढे आणू नका. मी पांढऱ्या प्लास्टिकच्या जाळीचा. रंग म्हणाल तर उजव्या गालावर पेनाने काढलेली एक फुली, तेवढाच.

माझा जन्म मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात झाला. मला गरम पाण्यात मऊ केलं आणि हट्टा गावच्या पद्माबाईंच्या पाच वर्षांच्या लेकीच्या, ऐश्वर्याच्या, चेहऱ्यावर ओढून बसवलं. गार होईपर्यंत तिचं नाक, गाल, हनुवटी माझ्यात उतरली. तिच्या उजव्या गालात कॅन्सरची गाठ होती. यंत्रातून न दिसणारे किरण त्या गाठीवर सोडायचे होते. आपल्याकडे त्याला शेक देणं म्हणतात. शेक बरोबर जागेवर पडावा म्हणून लेकराने हलायचं नाही, आणि तिला हलू द्यायचं नाही हे माझं काम.

सहा आठवडे मी ते इमानेइतबारे केलं. ती रडायची, तरी मी तिला तसूभरही हलू दिलं नाही. गाठ गेली. यंत्रावरच्या माणसाने शेवटच्या दिवशी मला थोपटलं आणि मी फुशारलो. त्या फुशारकीची मला आज लाज वाटते. कारण त्याच गालाच्या आत, हिरड्यांखाली, तिच्या पक्क्या दातांचे कोवळे कोंब होते. गाठीला लागलेला शेक त्यांनाही लागला.

डॉक्टरांनी हे लपवलं नव्हतं. "जीव वाचला, पण या बाजूचे दात खुरटतील, जबडाही कमी वाढेल," असं ते पद्माबाईंना म्हणाले. दर सहा महिन्यांनी दात दाखवा, आणि दाताला कुणी हात लावण्याआधी शेकाचं सांगा, नाहीतर जखम भरत नाही, हाड सडतं, असंही त्यांनी दोनदा बजावलं. पद्माबाईंनी मान डोलावली. गावात मात्र त्यांनी सांगितलं, पोरगी मामाकडे होती. लेकही तेच ऐकत मोठी झाली आणि दवाखाना विसरून गेली. कॅन्सरचं नाव निघालं तर उद्या हिला कोण करून घेणार, ही त्यांची भीती. दवाखान्याचे कागद चुलीत गेले. माझी पाळी आली तेव्हा त्यांचा हात थांबला. "लेकराचं तोंड कसं जाळावं," असं पुटपुटत त्यांनी मला पत्र्याच्या कोठीत तळाशी पुरलं. दरवर्षी नवी तूर यायची, तळाशी मी तोच.

पत्रा पातळ असल्याने घरातलं सगळं मला ऐकू यायचं. ऐश्वर्याचे दुधाचे दात पडले. डाव्या बाजूला चांगले दात आले. उजवीकडे काही आलेच नाहीत. जे आले ते तांदळाएवढे, आणि मूळच नसल्यामुळे डुगडुगणारे. वर्गात तिला बोळकी म्हणत. ती ओढणी तोंडावर धरून हसायला शिकली आणि पुढे हसायचीच थांबली. पद्माबाई आपल्या झाकली मूठ सव्वा लाखाची धरून बसल्या होत्या. मी तरी काय वेगळं करत होतो? तुरीत पडून होतो.

मागच्या आठवड्यात उजव्या दाढा ठणकू लागल्या म्हणून त्या दोघी वसमतला दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या.

"माय, ते डाक्टर शेकाचं काहून इचारून राहिले होते?" ऐश्वर्याने विचारलं.

"सगळ्यायलाच इचारतेत."

"तू न्हाई म्हणलीस."

"न्हाई म्हणले. सोमवारी दोन दाढा काढून टाकू, तकलीफच मिटंल."

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. पण मुखवट्याला कुठला आवाज?

दुसऱ्या दिवशी डाळीसाठी तूर काढताना ऐश्वर्याचा हात तळाला लागला आणि मी वर आलो. तिने मला झटकलं, न्याहाळलं आणि तोंडाला लावलं. कपाळ माझ्यात मावेना. डावा गालही बाहेर राहिला. हनुवटीची उजवी बाजू मात्र माझ्यात अशी चपखल बसली की मी शरमेने मेलो. पाच वर्षांची होती तेवढीच ती बाजू होती.

पद्माबाई दारात उभ्या होत्या.

"माय, हे माझंच तोंड हाय ना?"

त्या तिच्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. गाठ, शेक, जाळलेले कागद, डॉक्टरांनी दोनदा बजावलेलं. "तुझ्या लग्नासाठी झाकलं गं," त्या म्हणाल्या.

"तुला हे सगळं ठाऊक होतं. आन् तरी सोमवारी नेणार होतीस मला?"

पद्माबाईंनी मला तिच्या हातातून घेतलं आणि पदराने माझ्यावरची तुरीची धूळ पुसली.

सोमवारी त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी फुलीवरून बोट फिरवलं. "बरं झालं आणलंत," ते म्हणाले. "आता दाढा काढायच्या नाहीत. तारेने शेजारच्या दातांना बांधून जपू. शेक दिलेल्या डॉक्टरांशी मी आजच बोलतो." खुरटलेले दात वाढणार नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मित्रांनो, दातांच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडाल तेव्हा पूर्वीचं दुखणंही उघडं करा. आजाराची लाज धरू नका. लाज मी धरली, आणि नऊ वर्षांत तिचा जो एखादा दात जपता आला असता, तोही गेला.

परतीच्या एसटीत ऐश्वर्याने मला टॉवेलातून काढून मांडीवर घेतलं. गाडीत निम्मी माणसं हट्ट्याचीच. शेजारच्या जनकाबाईंनी विचारलं, "पद्मे, काय गं हे?"

पद्माबाईंचा हात टॉवेलाकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"माझ्या लेकीचं तोंड हाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "कॅन्सर झालता तिला. म्या लपवलं."

माणसं वळून ऐश्वर्याकडे बघू लागली. ऐश्वर्याने ओढणी खांद्यावरच राहू दिली.