बारीक अक्षरांचा सोबती

मी भिंग बोलतोय. बारीक अक्षरांवर माझं सारं आयुष्य गेलं.

नरहरराव नागपूरहून भोपाळच्या सरकारी कारखान्यात ड्रॉइंग विभागात लागले, तेव्हा नकाशांतल्या रेघा तपासायला त्यांनी मला विकत घेतलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी क्वार्टर सोडलं आणि कारखान्याच्या वसाहतीला लागूनच, आनंद नगरमध्ये घर केलं. मला वाटलं, आता आपलंही काम संपलं. पण नरहररावांनी मला वर्तमानपत्राला लावलं.

लोक आधी ठळक बातम्या वाचतात. नरहरराव आधी जाहीर सूचना वाचत. ‘सर्वसाधारण को सूचित किया जाता है’ हे शब्द दिसले की त्यांचा हात स्थिर होई. कुठला रस्ता खोदणार, कुठे पाणी बंद, कशावर हरकती मागवल्यात, हे ते सिंधूताईंना मोठ्यानं वाचून दाखवत. त्या पोहे परतता परतता ऐकत आणि म्हणत, हे वेड लग्नाआधी कळलं असतं तर विचार केला असता. एकदा भाजीबाजार दूर हलवायची सूचना नरहररावांनी अशीच पकडली. गल्लीनं वेळेत हरकत घेतली, बाजार जागेवर राहिला. तेव्हापासून शेजारीपाजारी निर्धास्त झाले. काही असलं तर नरहरराव सांगतीलच.

शेजारच्या शकुंतलाबाई एकट्या होत्या. गुडघे गेलेले. घरामागच्या पायवाटेनं काठी टेकत त्या दवाखान्यात जात. एका सकाळी त्या अर्ध्या वाटेवरून परत आल्या. तिथे भिंत बांधणं चाललं होतं.

नरहररावांनी रद्दीचा सगळा गठ्ठा उपसला. मी त्यांच्या हातात पानापानावरून फिरलो. सूचना कुठेच नव्हती. मग ते मला खिशात टाकून वॉर्डाच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, “बाबूजी, अब अख़बार में नहीं आता. सब वेबसाइट पर रहता है.” वाट बंद करण्याची सूचना तिथे रीतसर लागली होती. हरकतींची मुदत टळून गेली होती. एकही हरकत आली नव्हती.

घरी येऊन ते जेवले नाहीत. म्हणाले, “सिंधू, शकुंतलाबाई माझ्या भरवशावर होत्या गं.”

सिंधूताईंनी ताट झाकून ठेवलं आणि त्यांच्याजवळ बसल्या. “भरवसा एकट्या माणसावर टाकला, हेच चुकलं सगळ्यांचं. उद्यापासून मी पण वाचेन.”

भिंत उभी राहिलीच. शकुंतलाबाईंना आता मोठ्या रस्त्यानं वळसा घालावा लागतो. नरहरराव त्यांच्यासोबत जातात, काठीच्या बाजूनं नाही, गाड्यांच्या बाजूनं.

सिंधूताई मोबाइलवर ती वेबसाइट उघडायला शिकल्या. पहिल्या दिवशी नरहररावांनी मला पडद्यावर धरलं, तर अक्षरं भुरकट झाली आणि माझ्या काचेत छताचा दिवाच चमकला. सिंधूताईंनी दोन बोटांनी पान ताणलं. अक्षरं आपोआप मोठी झाली. नरहररावांनी मला खाली ठेवलं.

आता सकाळी त्या वाचतात, ते ऐकतात. कामाची सूचना निघाली की नरहरराव आपल्या ड्रॉइंगच्या वळणदार हातानं ती मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवतात आणि दुधाच्या बूथवर चिकटवून येतात. परवा वाचनालयाची जागा बदलायची सूचना लागली होती. बूथसमोर दुधाच्या पिशव्या हातात धरून माणसं थांबली, वाचू लागली. संध्याकाळी वीसेक जण हरकत लिहायला आमच्या ओट्यावर बसले होते. शकुंतलाबाईंनी पहिली सही केली.

मी सुईदोऱ्याच्या डब्यात असतो. काचेवर एक चरा गेलाय. अधूनमधून सिंधूताई सुई ओवायला मला काढतात, पदरानं पुसतात.

सूचना लिहिणाऱ्यांनो, कागदावर लिहा की पडद्यावर, ते तुम्ही ठरवा. पण शकुंतलाबाईंना घराजवळ दिसेल अशी लिहा, माझी गरज पडणार नाही इतकी मोठी लिहा. मला डब्यात बरं चाललंय.