थंडी भाकर

गीतांजलीने बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर खिळ्यावरून असं ओढलं की वरची पत्र्याची पट्टी तिच्या बोटाला लागली. रक्ताचा थेंब आला. तिने तो ओढणीला पुसला आणि भिंतीकडे बोट करून बापाला म्हणाली,

"पाहा. गेला काय?"

भिंतीवर क्रूस होता. लाकडाचा नव्हे, तो खुशालरावांनी सकाळीच काढून गोठ्यात नेऊन ठेवला होता. पण इतकी वर्षं त्याच्याआड राहिलेला रंग तेवढा उडाला नव्हता, आणि विटलेल्या हिरव्या भिंतीवर गडद हिरवा क्रूस आता आधीपेक्षा ठळक दिसत होता. शेजारी गजानन महाराजांचा फोटो होता. त्याला मात्र आज नवा हार चढला होता.

खुशालरावांनी कॅलेंडर उचललं, जागेवर टांगलं आणि तळहाताने सारखं केलं.

"पाव्हने निंगाले अकोल्याहून. आता एक शब्द काढू नको."

"आजीचा?"

"कोनाचाच."

गीतांजलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजीला जाऊन दोन वर्षं झाली होती. अमरावतीच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत तिला पुरलं तेव्हा या गावची माणसं ट्रॅक्टरची ट्रॉली भरून गेली होती. भातकुलीच्या बाजारात कोणालाही विचारा, येशूवाली सुंदराबाई म्हटलं की लोक घराचा रस्ता दाखवत. साऱ्या पंचक्रोशीला जे ठाऊक ते एका कॅलेंडरामागे दडवायला निघाला होता हा माणूस. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, ते यांच्यासारखंच.

आणि दडवणार कोण, तर खुशालराव. चार वर्षांचा असताना ज्याला घटसर्प झाला आणि ज्याच्या बापाने हात टेकले, तो खुशाल. सुंदराबाईने त्याला पदरात गुंडाळून मिशनच्या दवाखान्यात नेला होता. तिथली एक नर्स रात्ररात्र त्याच्या उशाशी बसे, आणि औषध देऊन झालं की डोळे मिटून काहीतरी पुटपुटे. पोरगा वाचला. औषधाने वाचला की पुटपुटण्याने, हा हिशेब सुंदराबाईने कधी केला नाही. काही वर्षांनी तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने मारलं, भावकीने वाळीत टाकायची भाषा केली. ती म्हणाली, तुमचे देव तुम्ही ठेवा, माझा मला ठेवू द्या, आणि खिळा ठोकला. पोळ्याला पुरण तीच घालायची, सुनेच्या चतुर्थीला साबुदाणा तीच भिजत टाकायची, रविवारी एसटीने अमरावतीला चर्चमध्ये जायची. घरात तिने दुसऱ्या कोणाला बाटवलं नाही. फक्त एक नियम लावला: तिची प्रार्थना झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही.

पण खुशालरावांचीही बाजू होती, आणि तीच गीतांजलीला जास्त झोंबत होती. मागच्या उन्हाळ्यात मोर्शीचं स्थळ आलं होतं. मुलाच्या मामाने भिंतीकडे पाहिलं, चहा अर्धा ठेवला, आणि अंगणात चपला घालताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की आधी सांगायचं होतं, पोरगीही बाटलेलीच असेल. त्या दिवशी खुशालराव शेतात गेले ते अंधार पडल्यावरच आले.

यावेळचा मुलगा तिला आवडला होता. अंकुर. मूर्तिजापूरला एका लग्नात भेट झाली होती, नंतर फोनवर बोलणं झालं होतं. तो हळू बोलायचा आणि समोरच्याचं ऐकून घ्यायचा. म्हणून तर आठवडाभर ती गप्प बसली. आजीचा फोटो बापाने काढायला लावला तेव्हाही. फोटो आईने, सुभद्राने उतरवला, पदराने पुसला, आणि नवऱ्याने गोठ्यात ठेव म्हटलं तरी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे ठेवला. तेवढ्यावरून सुभद्राला सासूचा लळा होता असं समजू नये. सासूचं आणि तिचं जन्मभर पटलं नव्हतं. नव्या नवरीचा पहिला घास सासूने मनगट धरून थांबवला होता, तो राग तिने नीट सांभाळून ठेवला होता.

पाहुणे आले. अंकुर, त्याचे वडील गजेंद्रराव, आई शैलाताई. गजेंद्रराव निवृत्त शिक्षक होते. त्यांनी घर पाहिलं, विहीर पाहिली, तुरीची चौकशी केली. शैलाताईंनी गीतांजलीला जवळ बसवून घेतलं आणि बोटाला काय लागलं विचारलं. कॅलेंडर लागलं, असं तिने सांगितलं. खुशालरावांनी खाकरून विषय पावसावर नेला.

जेवायची पानं मांडली. पातोडीचा रस्सा, वांग्याची भाजी, भजे, पुरणपोळी, आणि गजेंद्ररावांना साखर होती म्हणून ज्वारीची भाकर. शैलाताई म्हणाल्या, पोरीलाही बसू द्या पंगतीत, आता काय जुना काळ राहिला आहे. म्हणून गीतांजली बसली, अंकुरच्या समोर. बापाच्या शेजारी बसावं लागलं याचा तिला संताप आला होता. हात धुताना तिने मनाशी ठरवून टाकलं, जेवण झालं की सांगायचं. मोडलं तर मोडलं. आजीला गोठ्यात ठेवून मी कोणाच्या घरी सुखाने नांदणार नाही.

"करा सुरू," खुशालराव म्हणाले.

गजेंद्ररावांनी भाकर मोडली. अंकुरने घास घेतला. शैलाताई रश्शात पोळी बुडवणार इतक्यात थांबल्या आणि समोर पाहू लागल्या.

खुशालराव जेवत नव्हते. हात मांडीवर उलटे ठेवून, मान खाली घालून ते बसले होते. त्यांच्या शेजारी गीतांजली तशीच. आणि वाढायला वाकलेली सुभद्रा भाजीची पळी हवेत धरून उभी होती, तिच्यातून रस्सा ठिबकत होता. तिघांपैकी कोणीच ठरवून थांबलं नव्हतं. आजी गेल्यापासून या घरात प्रार्थना कोणी म्हटली नव्हती. ती जेवढा वेळ चालायची तेवढा वेळ मात्र सगळे रोज थांबत, आणि आपण थांबतो हे एव्हाना कोणाच्या ध्यानातही येत नसे.

बापा, ज्यानं पेरलं त्याले दे. ज्यानं राखलं त्याले दे. ज्याच्या चुलीत आज राख हाये त्याले पयले दे. ज्याच्यावर माहा राग हाये त्यालेबी दे. अन् मंग आमाले. आमेन.

एवढा वेळ.

खुशालरावांनी मान वर केली तेव्हा पाहुणे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा उतरला. काय झालं ते त्यांना तेव्हा कळलं. गीतांजलीला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. क्रूस गोठ्यात टाकता येतो, हे कुठे टाकशील, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

शैलाताई मात्र खूश झाल्या होत्या.

"किती चांगलं वाटलं जी. आजकाल कोन थांबते ताटावर? माझी एक चुलतसासू रिद्धपूरच्या पंथातली होती, ती अशीच थांबायची. तुमच्याकडंही तिथलंच आहे का?"

वाट आयती चालून आली होती. मानाची, सोपी, वऱ्हाडात कोणालाही पटणारी. खुशालरावांनी पाण्याचा घोट घेतला.

"हो," ते म्हणाले. "तसंच काईसं."

आता मात्र गीतांजलीला आवरेना. हा माणूस रोज आपल्या मायची प्रार्थना गिळून मगच भाकर गिळतो, आणि तिचं नाव घ्यायची याला लाज वाटते. तिने पान पुढे सरकवलं, तोंड उघडलं.

"रिद्धपूरचं नाही जी ते."

आवाज डोक्यावरून आला. सुभद्राने पळी पातेल्यात ठेवली होती.

"ती माह्या सासूची रीत हाये. सुंदराबाईची. त्या ख्रिश्चन होत्या. येशूचं नाव घेऊन जेवत. त्याईनं म्हनलं थांबा, त आमी थांबतो."

एवढं बोलून ती गजेंद्ररावांना भाजी वाढायला वाकली. त्यांनी ताटावर हात आडवा धरला. पोट भरल्याचं सांगितलं. भाकरीचा पहिलाच घास खाऊन झाला होता.

अंकुरच्या हातात घास होता, तो त्याने हळूच ताटात परत ठेवला. गीतांजली त्याच्याकडे पाहत राहिली. मान म्हणून ठेवला की किळस म्हणून, हे तिला कळलं नाही, आणि त्याने मान वर केली नाही. एखाद्याला हळू बोलायची सवय असली की तो केव्हा गप्प बसतो तेही समजत नाही.

जाताना गजेंद्ररावांनी हात जोडले. कळवतो, म्हणाले. पोरीच्या घरी या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

गाडीची धूळ खाली बसायच्या आत खुशालराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"तुले कोनं बोलाले लावलं होतं?"

सुभद्रा उष्टी ताटं गोळा करत होती.

"तुह्यं पटत तरी होतं काय तिच्यासंगं? जन्मभर भांडली तू माह्या मायसंगं, अन् आज पोरीच्या जिंदगीचं वाटोळं कराले तुले तिचा पुळका आला?"

"पुळका नाही आला," सुभद्रा म्हणाली. तिने ताटं मोरीत आदळली. तिचा आवाज चढला तो तेव्हाच. "मले नोकोच होतं ते. तव्यावरची भाकर ताटात पडे, अन् ह्या डोये मिटून बसत. म्या मेलीनं चुलीपुढं भाजून घ्यावं अन् भाकर थंडी करून खावी. अठ्ठावीस वर्सं थंडी भाकर खाल्ली म्या या घरात. ते काय रिद्धपूरसाठी खाल्ली? जिच्यासाठी खाल्ली तिचं नाव म्या घेईन. तुमाले लाज वाटते त तुमी नोका घेऊ."

खुशालरावांनी दाराला लाथ मारली आणि ते बाहेर गेले.

संध्याकाळ झाली. गीतांजलीने गोठ्यातून क्रूस आणला, त्यावरचं वैरणीचं कुटार झटकलं, आणि कॅलेंडर काढून खिळ्यावर लावला. खुशालरावांनी ते पाहिलं. कॅलेंडर उचलून त्यांनी त्याचे चार तुकडे केले. राग कशावर काढला ते त्यांनाच माहीत.

दिवा लागल्यावर ते येऊन पाटावर बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. सुभद्राने तव्यावरची भाकर ताटात टाकली, तिची वाफ वर येत होती. आज ते थांबणार नव्हते, हे त्यांच्या बसण्यावरूनच दिसत होतं. त्यांनी भाकर मोडली, तुकडा पिठल्यात बुडवला, उचलला.

आणि हात तिथेच राहिला. तोंडाजवळ. तुकड्यावरचं पिठलं ताटात पडलं. सुभद्रा दुसरी भाकर तव्यावर टाकून थांबली होती.

"म्हन ना मंग," ते गीतांजलीवर ओरडले. "भूक लागली मले. म्हन लवकर."

"तुमीच म्हना," ती म्हणाली. "तुमची माय होती."

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की आता ताट फेकतील. मग तुकडा ताटात ठेवला, हात मांडीवर उलटे केले, आणि एखाद्याला शिव्या द्याव्यात तशा आवाजात सुरू केलं. बापा, ज्यानं पेरलं त्याले दे. ज्यानं राखलं त्याले दे. एक शब्द मागेपुढे झाला नाही. राख असलेल्या चुलीपर्यंत ते जोरात आले आणि मग अडले.

"ज्याच्यावर," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "ज्याच्यावर माहा राग हाये."

सुभद्रा तव्याकडे पाहत होती.

"त्यालेबी दे," ते म्हणाले, आता आवाज खाली आला होता. "अन् मंग आमाले."

पुढचा शब्द सगळ्यांनी मिळून म्हणायचा असे. ते थांबून राहिले. गीतांजलीचा राग गेला नव्हता; बापावरचा नव्हता, अकोल्यावरचा नव्हता, आणि ताटात परत ठेवलेल्या त्या घासावरचा तर मुळीच नव्हता. तिने बापाला बराच वेळ तसंच बसू दिलं.

"आमेन," मग ती म्हणाली.

सुभद्राने तव्यावरची गरम भाकर उलथन्यावर घेतली आणि त्यांच्या ताटातली बदलायला हात पुढे केला. खुशालरावांनी ताटावर हात आडवा धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "थंडीच खातो."